शेवटची काच

निजामाच्या राज्यात मी जाफराबादला मास्तर होतो. काचेवरची चित्रं दिव्यानं भिंतीवर दाखवणारा एक आंधळा माणूस दर वर्षी शाळेत यायचा. खिडक्यांना गोणपाट लावून आम्ही भरदुपारी अंधार करायचो. कुठली काच कुठली, हे तो कडेच्या खाचेवर अंगठा फिरवून ओळखायचा. शेवटची मात्र न चाचपता लावायचा. तिच्यावर देवीच्या फोडांनी भरलेलं एका लेकराचं तोंड होतं. मी पोरांना सांगायचो, टोचून घ्या, नाहीतर असं होतं.

एकदा त्यानं विचारलं, "मास्तर, पोरं तोंड फिरवतेत का?"

"फिरवतात."

"त्यो मीच हाय. फोटू काढणारा साहेब मायला म्हणला व्हता, याला साळेत घालू." त्यानं काच फडक्यात गुंडाळली. "मंग म्या एक बी साळा सोडली न्हाई."