जवाईबापूंच्या पायांवर पाणी

आमचा मोठा जवाई करतो काय, असं कुणी विचारलं की माय पदर सावरायची, इकडेतिकडे पाहायची आणि हळूच सांगायची, "धावतेत." विचारणारी बाई बुचकळ्यात पडायची. कुणाचा जवाई तलाठी असतो, कुणाचा राईस मिलवर दिवाणजी असतो, पण धावणारा जवाई तिनं कधी ऐकलेला नसायचा. "कोणाच्या मांगं?" असं एकीनं भोळेपणानं विचारलंही होतं. मायनं घाईनं विषय पावसापाण्यावर नेला.

भैय्यालाल हे माझ्या मोठ्या बहिणीचे, कुंताचे मालक. राहणार सिहोरा. घरी धानाची शेती होती, ती दोन भाऊ बघायचे. भाऊजी बघायचे फक्त रस्ता. पहाटे उठून ते गावच्या तलावात पडायचे. तलावात शिंगाड्याचे वेल, आणि वेल टाळून उरलेल्या मोकळ्या पाण्यात म्हशी. भाऊजी म्हशींच्या मधून काठाकाठानं पोहायचे आणि शिंगाडेवाले काठावरून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मग सायकलवर तुमसरला जाऊन परत यायचं आणि त्यानंतर धावायचं. अनवाणीच, कारण बूट त्यांना चावायचे.

आता, आमच्याकडे मोठा माणूस उगाच धावत नाही. तो धावतो तेव्हा एकतर गुरं धानात शिरलेली असतात, नाहीतर एस.टी. सुटलेली असते. त्यामुळे सुरुवातीला लोक भाऊजींना वाटेत अडवून कोण गेलं म्हणून विचारायचे. तुमसरच्या गाडीचा ड्रायव्हर तर दया येऊन रोज गाडी थांबवायचा. भाऊजी हात हलवून नको म्हणायचे, तेव्हा कंडक्टर दारातून वाकून हळूच म्हणायचा, "बसा ना जी, तिकीट नाही फाडत." गाडीतले लोक हळहळायचे. सिहोऱ्याचं चांगलं घर, आणि पोराजवळ तिकिटाला पैसे नाहीत.

पण पैसे होते, आणि ते धावण्याचेच होते. तुमसरच्या एका सायकल दुकानाच्या शेठनं भाऊजींना चक्क पदरी ठेवलं होतं. सायकल शेठची, महिन्याचा पगार शेठचा, आणि बनियनवर पाठीमागं दुकानाचं नाव. पोहण्याच्या पहिल्याच शर्यतीत तो रंग तलावात विरघळला आणि भाऊजी निळ्या पाठीनं बाहेर आले, ही गोष्ट निराळी. जिल्ह्यात कुठंही शर्यत असो, भाऊजी जायचे आणि बहुधा जिंकायचे. कुंताच्या घरात स्टीलचे डबे, भिंतीवरची घड्याळं, एकदा तर एक बकरी, सगळं बक्षिसाचं. नवऱ्याच्या पायांवर घर चालतं, असं ती म्हणायची आणि तिला त्याचा अभिमान होता, हे मी खात्रीनं सांगतो.

ब्याऐंशी साली साकोलीच्या कृष्णराव मास्तरांनी एका मासिकात वाचलं की परदेशात लोक एका दमात पोहतात, सायकल चालवतात आणि धावतात. मास्तरांना आपल्या भागात हे झालंच पाहिजे असं वाटलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, लेकी-जवाई आणि सोयरेधायरे गोळा होतात. आमच्या चिचटोल्याच्या मंडईचा दिवस मास्तरांनी धरला, कारण पाहायला माणसं आयतीच. बेत असा की शेजारगावच्या मोठ्या तलावात पोहायचं, तिथून सायकलनं लांबचा फेरा मारून चिचटोल्याला यायचं, आणि इथं सायकल ठेवून पायी साकोली गाठायची.

सायकली ठेवायच्या कुठं, एवढाच प्रश्न होता. आमचे बाबा, गोमाजी, गावचे सरपंच. त्यांनी छाती पुढं काढून सांगितलं की जवायाची शर्यत असताना सायकली दुसऱ्याच्या खळ्यात कायले ठेवता, आमचं खळं आहे ना. खळं आमच्या घराच्या अगदी अंगणाला लागून. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनीसुद्धा. यात केवढी मोठी चूक झाली, हे त्या बैठकीला बसलेल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

शर्यतीच्या दिवशी भाऊजी सगळ्यांच्या पुढं, वाऱ्यासारखे खळ्यात शिरले. सायकल टेकवून वळले, तर समोर माय. हातात पाण्याचा गडवा, मागं माझी धाकटी बहीण शकुन टॉवेल घेऊन, आणि ओसरीवर पाट मांडलेला. मंडईच्या दिवशी जवाई दारात आला आणि पायांवर पाणी न घेता गेला, असं चिचटोल्यात घडलेलं नाही.

भाऊजी सासूला म्हणाले, "मामीजी, शर्यत चालू आहे."

"चालू द्या ना," माय म्हणाली. "तुमी बसा."

बसले. पाय धुतले, टिळा लागला. उडदाचे वडे आणि तांदळाची खीर आली. मी सायकली सांभाळायला तिथंच उभा होतो. भाऊजी एक वडा अख्खा गिळत होते आणि दुसऱ्या सायकलवाल्याला खळ्यातून पळत जाताना डोळे फाडून पाहत होते. तो लाखांदूरकडचा केशव, वनखात्यातला गार्ड, उंच आणि मोकळा. मोकळा म्हणजे लग्न न झालेला. त्याला कुणी पाट मांडला नाही, म्हणून तो जिंकला.

पुढच्या वर्षी भाऊजींनी युक्ती केली. सायकल खळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात टाकून ते कुंपणाच्या फटीतून सटकले. माय गडवा घेऊन मागं धावली नाही. ती नुसती "आमचं काही चुकलं का?" म्हणाली आणि गडवा खाली ठेवला. कुंपणापलीकडून भाऊजींनी ते ऐकलं. बिचारे परत आले, पाटावर बसले आणि गुन्हेगारासारखे मुकाट जेवले. केशव पुन्हा जिंकला.

त्यानंतर शेठनं निरोप धाडला. दोन वर्षं दुकानाचं नाव दुसऱ्या नंबरानं आलं, आता तिसऱ्यांदा तसं झालं तर सायकल जमा करायची आणि पगार बंद. घरच्यांनी लगेच राईस मिलवर पोती मोजायची जागा बोलून ठेवली. भाऊजी एकदा माझ्याकडे आले, ओसरीवर बसले. मग म्हणाले, "मले दुसरं काही येतच नाही गा. अन् दुसरं काही आवडतबी नाही." बाबांना खळं बदलायला सांगावं म्हणून मी गेलो, तर बाबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

कुंतानं हे सगळं ऐकलं आणि ती मंडईच्या आधीच माहेरी आली. तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. मायला मात्र स्वयंपाकघरात गाठलं. तो वनखात्यातला केशव आपल्यातलाच आहे, नोकरीवाला आहे, आणि यंदा मंडईला शकुनला पाहायला येतो आहे, असं तिनं मायच्या कानात घातलं. आता ही अगदीच थाप होती, असं मला म्हणता येणार नाही. मागच्या वर्षी ऐन शर्यतीत केशवनं शकुनच्या हातून पाणी घेतलं होतं, मग पुन्हा मागितलं होतं, आणि पुन्हाही मागितलं होतं. आघाडीवरच्या माणसाला एवढी तहान लागत नाही. हे कुंतानं टिपून ठेवलं होतं.

मंडईचा दिवस उजाडला. घर शेणानं सारवलेलं, वऱ्हांड्यात नवी सतरंजी, बाबांच्या डोक्यावर फेटा, गावचे चार म्हातारे तक्क्याला टेकून बसलेले. भाऊजी नेहमीप्रमाणे पुढं आले. सायकल टेकवली आणि सवयीनं, मुंडी खाली घालून, पाटाकडे चालू लागले. माय त्यांच्या आडवी आली. तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडे.

"तुमी जा जवाईबापू," ती घाईनं म्हणाली. "तुमी तं घरचेच. आज पाव्हणे येऊन राहिले."

भाऊजी जागीच उभे राहिले. दोन वर्षं ज्या शब्दांसाठी हा माणूस तळमळला, ते शब्द मिळाले, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी पाटाकडे पाहिलं, गडव्याकडे पाहिलं. मग वळले आणि असे सुटले की खळ्यातली कोंबडी उडाली.

मागोमाग केशव शिरला. सायकल ठेवेपर्यंत त्याच्या पायांवर पाणी पडलं होतं. तो "अहो, शर्यत" म्हणतो तोवर बाबांनी त्याला दंडाला धरून सतरंजीवर बसवलं. एका म्हाताऱ्यानं शेती किती विचारलं, दुसऱ्यानं मामाचं गाव. केशव ओल्या चड्डीत मांडी घालून भांबावून उत्तरं देत होता. एवढ्यात शकुन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तेव्हा त्याला सगळं कळलं. उठायचं असतं तर त्याला उठता आलं असतं. उठला नाही. कप हातात घेतला आणि मांडी नीट केली.

भाऊजी साकोलीत पहिले पोचले. शेठनं हार घातला, सायकल तुझीच म्हणून लोकांसमोर जाहीर केलं, बाजा वाजला. संध्याकाळी मास्तरांनी त्यांना गाडीवर बसवून चिचटोल्याला आणून सोडलं. आम्ही सगळे दारात गेलो. भाऊजी आत येईनात. हार गळ्यातच ठेवून बाहेरच्या दगडावर बसून राहिले. बाबांनी बोलावलं, मी बोलावलं. चहा नको, जेवण नको, पोट भरलं आहे. धावून आलेल्या माणसाचं पोट कशानं भरलं, हे कुणाला कळेना.

कुंता पदराआड हसत होती. तिनं विचारलं, "झालं काय तुमाले? जिंकले ना तुमी?"

"जिंकलो," भाऊजी म्हणाले. "पण मंडईच्या दिवशी सासुरवाडीले आलो, अन् कोणी पायावर पाणी टाकलं नाही."

मायनं हे आतून ऐकलं. ती गडवा भरून घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. भाऊजींनी पाय पुढं केले. दरवर्षी ती हेच पाय धुवायची, पण शर्यत अर्धीच झालेली असायची. आज ते पुरे धावून आले होते. टाचा उललेल्या, अंगठ्याचं नख गेलेलं, तळव्यावर फोड फुटलेले आणि त्यात मुरमाची माती बसलेली. मायचा हात थांबला.

"एवढं धावता तुमी?" ती म्हणाली.

तिनं गडवा बाजूला ठेवला, आतून कोमट पाणी आणायला लावलं आणि दोन्ही पाय हळूहळू, फोडांना न दुखवता धुतले. मग भाऊजी उठून आत गेले आणि सकाळचे गार वडे केशवच्या शेजारी बसून खाल्ले. केशव तोवर बाबांना जंगलातल्या अस्वलांबद्दल सांगत होता आणि जायचं नाव काढत नव्हता.

शकुनचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मांडवात कुठलीशी लांबची आत्या मायला विचारत होती की मोठे जवाई काय करतात. मी पंगतीत वाढत होतो. शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं, एवढ्या मोठ्यानं माय म्हणाली, "धावतेत!"