शेवंताचे निर्जळी उपास

शेवंता गेल्याचं कळलं तेव्हा मी दहिवलीच्या बाजारात सुकट घेत उभी होते. तिच्या मुलीचा, रंजनाचा फोन आला. “मावशी, आई गेली,” एवढंच बोलली, आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून नुसती माणसांची कुजबुज ऐकू येत होती. सुकट तिथेच टाकून रिक्षा केली. खालापूरजवळच्या तिच्या गावी पोचले तोवर तिला दवाखान्यातून घरी आणलं होतं. लघवीचं इन्फेक्शन किडनीत गेलं, तिथून रक्तात पसरलं. साठीसुद्धा गाठली नाही बाईने. महिना उलटला तरी मला तिचा राग येतो, आणि काढायचा कुणावर ते कळत नाही. तिने मला शपथ घातली होती, म्हणून इथे नावं तेवढी बदलली आहेत.

आम्ही दोघी पळसदरीच्या, एका बाकावरच्या. शेवंता हसायला लागली की मास्तर तिला वर्गाबाहेर काढायचे, आणि ती बाहेर उभी राहून आणखी हसायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर सव्वा महिना पुरा व्हायच्या आत ती भातलावणीला उतरली. कुणी मारून-मुटकून उतरवलं असं नाही. सासू तशीच उतरली होती, जावा तशाच उतरल्या होत्या, हिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ओल्या रोपांची ओझी डोक्यावर घेऊन चिखलातून दिवसभर ये-जा. त्यानंतर कधीतरी तिचं हसणं बदललं. हसू आलं की पाय एकमेकांवर घट्ट दाबायची आणि ओठ मिटून घ्यायची. मला आपलं वाटलं, चार माणसांत वावरून बाई शहाणी झाली.

मग तिचे उपास सुरू झाले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि सगळे निर्जळी. लग्नाला निघायचं असो, देवाला जायचं असो, एसटीने माहेरी यायचं असो, नेमका त्या दिवशी शेवंताचा उपास. घोटभर पाणी पुढे केलं तर हात जोडायची. गावात तिचं केवढं नाव झालं! हळदीकुंकवाला बायका आधी तिला पाट द्यायच्या, नव्या सुना तिच्या पाया पडायच्या. सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या सुनेला देवाचं भारी वेड.

माझ्या पुतणीच्या हळदीला मात्र ती मला सापडली. मांडवामागे भिंतीला टेकून उभी, घामाने चिंब, बसायला तयार नाही. माझी जीभ तिखटच. म्हटलं, देवाने तुला उभं राहायची शिक्षा दिली की काय? तेव्हा तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“माजं अंग भाहेर येतंय गं,” ती म्हणाली. “खोकली तरी लघवी सुटते. मंग पानीच पीत नाय. उपास हाय म्हनलं की कोन इचारत नाय.”

किती वर्षं... आणि ही बया एकटी सोसत होती. पुढच्या आठवड्यात दटावून तिला कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी फार नीट समजावलं. बाईच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, गर्भपिशवी, मूत्राशय सगळं तिच्यावर तोललेलं असतं. बाळंतपणात ती ताणते, आणि सावरायच्या आत ओझी उचलली की सैल पडून पिशवी खाली सरकते. सुरुवातीला नुसत्या व्यायामानेही पुष्कळ फरक पडतो. पुढे आत बसवायचं रबरी कडं आहे, ऑपरेशन आहे. पाणी तोडणं हा उपाय नव्हेच, त्याने लघवीत जंतू वाढतात, पिशवीचा दाब पडून लघवी पुरती होत नसेल तर जास्तच. शेवंता मान खाली घालून ऐकत होती. ऑपरेशन करू, घरच्यांना घेऊन या, असं बाई म्हणाल्या आणि तिथेच सगळं अडलं. नवऱ्याला काय सांगू, असं ती मला जिन्यात विचारत राहिली. मी सांगते म्हटलं, तर माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून तिने शपथ घातली. मी भांडले, रुसले, दोन महिने बोलले नाही, पुन्हा गेले. दर वेळी ती चहा द्यायची आणि विषय बदलायची.

शेवटी ती तापाने फणफणली. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तिचा नवरा बाकड्यावर बसला होता. साधा, कष्टाळू माणूस; बायकोवर कधी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. मला बघून तो रडायलाच लागला.

“डाक्टर म्हनतात, आंगात पानीच नाय,” तो म्हणाला. “मी घरात असून कदी पानी पी म्हनून बोललो नाय ताई. म्हनलं, देवाचं हाय, आपुन कसं मदी पडायचं?”

आत ती बेशुद्ध पडलेली, बाहेर हा... मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जो तो येऊन म्हणत होता, पुण्यवान बाई, देवाने उचलून नेली. मला ते ऐकवेना, म्हणून मी मागच्या पडवीत गेले. तिथे रंजना अंगावर पिणाऱ्या पोराला घेऊन उभी होती, सकाळपासून राबून तोंड सुकलेलं. मी माठातलं पाणी काढून तिच्यापुढे धरलं.

“नको मावशी. माजा उपास हाय आज.”

वार बुधवार. ना चतुर्थी, ना एकादशी. मी सरळ विचारलं, तुलापण खोकताना सुटते का गं?

तिने चटकन दाराकडे पाहिलं, आणि पोराला कडेवर वर सरकवून घेतलं.

“हळू बोल ना मावशी. आत मानसं बसलीत.”