बोर्डाचं बटण आणि एक जानेवारी

आमच्या घरात मी कॉम्प्युटरवाला. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत कुणाचा प्रिंटर अडला तरी मला हाक मारतात, आणि मीही, खोटं कशाला बोलू, थोडे आढेवेढे घेऊन ऐटीत जातो. त्यामुळे डोंबिवलीहून आईचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "अगं, दहा मिनिटांचं काम आहे."

आई निवृत्त शिक्षिका. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जिने उतरणं संपलं, तेव्हापासून ती घरबसल्या कॉम्प्युटरवर सात मुलांना गणित शिकवते. ज्या अ‍ॅपवर हा वर्ग भरतो, त्याने कळवलं होतं की पुढच्या महिन्यापासून जुन्या विंडोजवर ते चालणार नाही, अकरा नंबरची हवी. आणि ती घ्यायला गेलं की आईचा कॉम्प्युटर 'हे यंत्र पात्र नाही' म्हणून हात वर करत होता. मी नवा लॅपटॉप आणतो म्हटलं, तर तो नको.

"एवढ्याशा पडद्यावर मुलांचे चेहरे दिसणार आहेत का मला? आणि वर्ग बंद पडला तर दिवसभर भिंतींना पाढे शिकवू?" ती हसत म्हणाली.

पहिल्या रविवारी दुपारी पोचलो. दोष लगेच सापडला. विंडोज उठण्याआधी यंत्राला जागं करणारा एक मूळ प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या दोन गोष्टी बंद होत्या. मी डिलीटची की दाबत आत शिरलो, दोन्ही चालू केल्या, सेव्ह केलं. कॉम्प्युटर पात्र झाला. इंटरनेट मात्र रडतखडत चाललं होतं, म्हणून "उद्या सकाळी फक्त इन्स्टॉलवर क्लिक कर" असं सांगून, दोन थालीपिठं हाणून मी ठाण्याला परतलो.

सोमवारी सकाळी फोन. "अरे, परत नाहीच म्हणतोय."

पुढच्या रविवारी तीच सेटिंग, तेच रडकं इंटरनेट, तीच थालीपिठं, आणि सोमवारी तोच फोन. माझं डोकं फिरलं. "तू नक्की कुठेतरी काहीतरी दाबलेलं असणार. मी सगळं नीट करून आलेलो."

"मी कशालाही हात लावत नाही रे" एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. मला दिवसभर चैन पडलं नाही. महिनाही संपत आलेला.

शनिवारी मुक्कामालाच गेलो. संध्याकाळी तिसऱ्यांदा सेटिंग केली, इन्स्टॉल सकाळी स्वतःच करायचं ठरवलं. आई कामापुरतंच बोलत होती.

रविवारी सकाळी डोळे चोळत बाहेर आलो, तर आई आंघोळ करून कॉम्प्युटरपाशी उभी. तिने आधी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू केलं. झोपण्याआधी घरातलं एकूण एक बटण बंद झालंच पाहिजे, ही बाबांची शिस्त. बाबा गेले, शिस्त राहिली. कॉम्प्युटर उठला. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पडद्यावरची तारीख-वेळ बदलायला घेतली. पडद्यावर होती एक जानेवारी, कुठल्याशा जुन्या सालातली.

"हे काय करतेस?"

"वेळ लावतेय. रोजच लावावी लागते."

मी कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरच्या आत एक चपटा गोल सेल असतो. वीज बंद असताना घड्याळ आणि फर्मवेअरच्या सेटिंग्ज तोच सांभाळतो. तो सेल कधीच मेला होता. बोर्डाचं बटण बंद झालं की हा गडी तारखेसकट माझी सगळी कर्तबगारी विसरून जायचा. मी पोचायचो दुपारी, तोवर आईने वेळ लावलेली असायची.

डोंबिवलीत दुकानं सोमवारी बंद, रविवारी उघडी, हे नशीब. मानपाडा रोडवरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, बसवला, चौथ्यांदा सेटिंग केली. मग मुद्दाम बोर्डाचं बटण बंद केलं, चहा प्यालो, पुन्हा चालू केलं. वेळ बरोबर! सेटिंग जागच्या जागी! दुपारी नवी विंडोज चढली आणि संध्याकाळी जादा वर्ग भरला. सातही चेहरे दिसले. आईचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की मी मागे टाळ्या वाजवल्या.

"आज आमचे इंजिनिअर हजर आहेत," आई मुलांना म्हणाली. "तेराचा पाढा तेच म्हणतील." मी 'तेरा साते'पाशी अडकलो. मुलं खिदळली.

वर्ग संपल्यावर मी म्हटलं, "आई, सॉरी. उगाच तुझ्यावर ओरडलो. पण घड्याळाचं आधी सांगायचंस ना."

"सांगितलं होतं की. तीन वर्षं झाली. तू मीटिंगमध्ये होतास. म्हणालास, लावून घे ना गं, त्यात काय एवढं."

तिने बोर्डाचं बटण बंद केलं.

"मग लावत होते."