जांभळ्या गुलाबाची हजामत

माझ्या माहेरच्या, पालघरच्या घराच्या कुंपणावर एक जांभळा गुलाब होता. हल्लीच्या गुलाबासारखा लांब दांड्यावर एकटा मिरवणारा नव्हे. वेलासारखा वाटेल तिकडे पसरणारा. बोराएवढ्या फुलांचे झुबके. वर्षातून एकदाच, थंडी सरता सरता, पण फुलला की पानं दिसायची नाहीत. घर बिल्डरकडे गेलं तेव्हा भावांनी कपाटं नेली, मी त्याची एक फांदी आणली आणि बोईसरजवळच्या सरावलीत आमच्या तळमजल्याच्या खिडकीबाहेर लावली.

फांदी जगली. दुर्दैवाने त्याच सुमाराला माझे पती निवृत्त झाले.

ते तारापूरच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावलेला माणूस. आता हाताखाली माणसं नव्हती, गुलाब होता. त्यांनी मोबाइलवर बागकामाचे व्हिडिओ पाहिले, कात्री आणली आणि थंडी पडताच वेल गुडघ्याएवढा कापला.

"अहो, याला जुन्या फांदीवरच फुलं येतात," मी म्हटलं. "आईने कधी कात्री लावली नाही."

"तुझ्या आईकडे इंटरनेट होतं का?"

त्या वर्षी फुलं आली नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी खालून कापला, त्याही पुढच्या वर्षी त्याहून खालून. फुलं नाहीत ती नाहीतच. ते म्हणाले, बोईसरची हवा वाईट. किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून मासे घेऊन येणारी बाई दारात टोपली टेकवून म्हणाली, "बाय, याची पण हजामत केली काय?" आणि माझ्या पतींच्या डोक्याकडे बघून खुदकन हसली. तेव्हापासून त्यांना तिचे बोंबील शिळे वाटू लागले.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेही नेमकं थंडीत. धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. काळा चष्मा लावून ते पलंगावर पडले आणि तिथून हुकूम सोडू लागले.

"कापलास का गुलाब?"

"कापते हं."

मी कात्री घेऊन खिडकीबाहेर गेले आणि हवेत कचाकचा चालवली. एक पानसुद्धा दुखावलं नाही.

"तिरका काप दे!" आतून आवाज आला.

"तिरकाच देतेय!"

फाल्गुनात वेल फुलला. खिडकीचे गज दिसेनात. सोसायटीतल्या बायका फोटो काढायला जमल्या. माझे पतीही नव्या डोळ्यांनी बघायला बाहेर आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि सगळ्यांना सांगू लागले, "कटिंग महत्त्वाचं. मी आतून सांगत होतो, ही कापत होती. गेली काही वर्षं मेहनत घेतली त्याचं हे फळ."

गप्प बसणार होते मी, खरंच. पण 'मेहनत' ऐकलं आणि राहवलं नाही.

"एकही फांदी कापलेली नाही," मी म्हटलं. "तुम्ही ऐकलीत ती नुसती कात्री होती."

एक बाई हसली, मग सगळ्याच हसल्या. ते आत गेले. दुपारी वरण वाढलं तर ताटाशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आधी सांगायचं होतंस."

"तीन वर्षं सांगत होते."

त्यावर त्यांनी भात मागितला.

संध्याकाळी बघते तर ते सुतळी घेऊन बाहेर उभे. फुलांच्या भाराने एक फांदी वाटेवर लोंबत होती. ती उचलून गजाला बांधत होते, हळूच. सरावलीच्या कामगारांची वर्दळ जवळून चालली होती. एकाने विचारलं, "अंकल, ये कौनसा फूल है?" ते म्हणाले, "मॅडम से पूछो."

बोटांत काटे रुतलेच. आत येऊन त्यांनी हात माझ्यापुढे धरला. मी हळद लावली नाही. डबा कुठल्या फळीवर आहे तेवढं सांगितलं.