ऊलाकाकांच्या सुरीची धार
कुणाची सुरी पसंत पडली नाही की ऊलाकाका ती दोन बोटांत धरून नाकासमोर न्यायचे आणि म्हणायचे, "लोणी लावायला बरी आहे." एकत्र रेनडियर पाळणाऱ्या आमच्या सगळ्या घरांच्या सुऱ्यांना धार लावायची ती त्यांनीच. तीही माळावर, असू तिथे. खिशात तळहाताएवढा करडा दगड, त्यावर ओढ्याचं पाणी, नाही तर थुंकी.

आमच्या सुरीचा उतार पात्याच्या मध्यापासून थेट धारेपर्यंत सपाट येतो. घासताना तो अख्खा दगडावर टेकवायचा, बास. मनगट जरा डुललं की उताराला पोट सुटतं आणि सुरी रुतायचं सोडून वरून घसरते. हे शिकवताना काकांनी मला जे शब्द ऐकवले, ते मी बायकोसमोरही उच्चारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही रेनडियरच्या पाडसांच्या कानांवर खुणा करायला वर गेलो. पाडसू कुणाच्या मादीमागे धावतंय ते हेरायचं, दोर टाकून धरायचं आणि मालकाने आपल्या सुरीने कानाला आपली खूण कापायची. काका तेव्हा एकोणऐंशीचे होते. हेलसिंकीहून आलेल्या सुनेचं म्हणणं, म्हाताऱ्याने आता घरी बसावं. मुलाने मधला मार्ग काढला. "बाबा, एक जरी कान बिघडला, तर पुढच्या वर्षीपासून बंद." काकांनी मान डोलावली होती. एवढं एकच काम उरलं होतं त्यांच्याकडे.

सकाळी कॉफीबरोबर सुकं मांस कापायला मी त्यांची सुरी मागून घेतली, तर ती मांसावरून नुसती घसरायला लागली. पातं उन्हात धरून पाहिलं. सपाट उताराच्या जागी चांगलं गोल पोट सुटलेलं. हात गेला काकांचा, मी मनात म्हटलं. आणि चारचौघांत त्यांची शोभा नको म्हणून मी शहाणपणा केला. त्यांचा डोळा लागला होता. ओढ्याकाठी बसून तासभर सुरी घासली, बुटाच्या चामड्यावर फिरवली. मनगटावरचे केस साफ निघाले. मग ती त्यांच्या म्यानात सरकवून दिली आणि चकार शब्द काढला नाही.

दुपारी काकांनी पहिलं पाडसू गुडघ्यांत धरलं. डाव्या कानाला एक खाच, ही त्यांची खूण. दोन असल्या तर ते शेजारच्या आन्तेचं. त्यांनी सुरी टेकवली मात्र, खाच पडलीसुद्धा. हात थरथरला आणि शेजारी दुसरी पडली.

आन्ते पुढे आला. "काका, मादी तर तुमचीच आहे. राहू द्या ना."

"कानावर तुझी खूण आहे. घेऊन जा."

मुलाने कान बघितला आणि नजर कुंपणापलीकडे वळवली. काकांनी नखावर धार पाहिली आणि एवढ्या माणसांतून नेमकं माझ्याकडे बघितलं.

"पिएरा, तू लावलीस?"

"हो. फार बोथट झाली होती, काका."

"झाली नव्हती. मी केली होती." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "हात हलतो रे माझा. बोथट सुरी दाबल्याशिवाय कापत नाही, नुसत्या थरथरीने काही होत नाही. सगळा हिवाळा जुन्या कातड्यावर करून बघितलं. एकदाही चुकलं नाही. मला विचारायचं तरी होतंस."

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "आत्ता परत बोथट करून देतो," मी म्हणालो.

"आता पोराने पाहिलंय." त्यांनी सुरी मुठीकडून माझ्यापुढे धरली. "धार तू लावलीस, आता तूच कर."

उरलेल्या चौदा पाडसांवर काकांची खूण मी कापली, त्यांच्याच सुरीने. काका गाडीत काच वर करून बसले होते. एकही कान चुकला नाही.