झाकणावरची टिकली

अन्वी, ईशान,

पुढच्या आठवड्यात तुमचे बाबा इथला जुना लॅपटॉप तिकडे घेऊन येतील. त्याच्या झाकणावर एक मरून टिकली दिसेल. ती खरवडून काढण्याआधी, ती लावणारी तुमची देवकाआजी कोण होती ते वाचा.

देवका तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. वडनेरहून पिपरी मेघेला आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. स्वभावाने घाबरट. गॅस बंद केल्यावरही परत जाऊन बटण चाचपून यायची. तिन्हीसांजेला घरात कोणी आडवं झालेलं तिला खपत नसे. देवापुढे दिवा लावला की ती लॅपटॉपचंही झाकण उघडायची. मी हसले की म्हणायची, "दिवेलागणीले कोनी झोपते का, वहिनी? मंग यानंच काऊन झोपाव?"

शेवटच्या हिवाळ्यात आजोबांनी तुमच्यासाठी आपल्या लहानपणीच्या गोष्टी सांगून ठेवल्या. टपालाच्या तिकिटाएवढ्या एका मेमरी कार्डावर त्या त्यांच्याच आवाजात होत्या, दुसरीकडे कुठेही नव्हत्या. आजोबा गेल्यावर देवका दुपारी ते कार्ड लॅपटॉपच्या खाचेत घालून, डोक्यावर पदर घेऊन ऐकत बसायची.

एका संध्याकाळी मी दवाखान्यातून परतले, तर ती मूठ आवळून बसलेली. "वहिनी, दादा बोलूनच नाई राह्यला!"

झालं होतं असं. ऐकता ऐकता तिने नुसतं झाकण मिटलं. मग शेजारची सुनंदा भजनी मंडळाच्या फोटोंचं कार्ड देऊन गेली. मिटलेल्या लॅपटॉपमधून देवकाने आजोबांचं कार्ड ओढून काढलं, सुनंदाचं आत सारलं आणि दिवा लावल्यावर रोजच्यासारखं झाकण उघडलं. झोपेतून उठलेल्या लॅपटॉपला ही अदलाबदल कळलीच नव्हती. पडद्यावर नावं आजोबांच्या गोष्टींची, आवाज मात्र नाही. घाबरून तिने दिसेल ते दाबलं.

मी तुमच्या बाबांना फोन लावला. "आई, आता कशालाही हात लावू नका. पूर्ण बंद करा, मग आतलं कार्ड काढा. परत सुरू झाल्यावरच बाबांचं कार्ड घाला."

लॅपटॉप सुरू होईपर्यंत देवका दाराची चौकट धरून उभी होती. "झोपेतल्या मानसाच्या हातातलं वढून घेतलं वो म्या. तुमीच आयका. माह्यानं नाई होत."

आधी खोकला ऐकू आला. मग, "हं, सुरू झालं का हे?" देवकाने चौकट सोडली, डोक्यावर पदर घेतला.

सुनंदाचे फोटो मात्र गेले; तिचं कार्ड आजोबांचंच समजून लॅपटॉपने त्यावर भलतंच लिहून ठेवलं होतं. देवका स्वतः सांगायला गेली. सुनंदा म्हणाली, "जाऊ द्या मावशी, त्याच्यात मी लय जाडी दिसत होती." देवका हसली नाही.

तेव्हापासून ही टिकली. कार्ड आत असेल तर टिकली झाकणावर. लॅपटॉपला रीतसर सांगून कार्ड काढलं की टिकली परत आरशावर. "टिकली दिसली तं झाकन लावाचं नाई," हे ती मलाही दटावून सांगायची.

या पावसाळ्यात ती गेली, तेव्हा टिकली झाकणावरच होती. कार्ड मी काढलं. टिकली राहू दिली.

आजोबांच्या सगळ्या गोष्टी शाबूत आहेत, आता तुमच्या बाबांकडेही आहेत. वडनेरच्या विहिरीच्या गोष्टीत मध्येच मागून एक बाई म्हणते, "दादा, चहा थंडा होऊन राह्यला." देवकाचा आवाज तेवढाच आहे.