बाईंच्या वडिलांचं गाणं आणि माझं नाव

लग्नात माझं नाव बदललं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले आणि मीही हौसेनं लाजले. पुढं दोन हजार सालानंतर मॉन्ट्रियलला नोकरी लागली. मॅनेजरला हे नवं नाव उच्चारायला जमेना, म्हणून त्यानं एक सुटसुटीत इंग्रजी नाव सुचवलं. मी लगेच "नो प्रॉब्लेम" म्हणाले. तेव्हा मला सगळंच नो प्रॉब्लेम असायचं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय बाई राहायच्या, पियानोच्या निवृत्त शिक्षिका. पहिल्या भेटीत मी ऑफिसातलं नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हे ऑफिसचं झालं. आईनं काय ठेवलंय?" मी विषय बदलला.

थंडीत मी त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्यानं काढायची आणि त्या मला पुस्तकं द्यायच्या. त्यातली एक कादंबरी त्यांच्याच समाजातल्या लेखकाची होती, रेल्वेच्या स्लीपर डब्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांवर. प्रवाशांची अंथरुणं घालायची, बूट पुसायचे, हसत राहायचं. आणि हाक सगळ्यांना एकच, डब्यांच्या गोऱ्या मालकाच्या नावानं. पूर्वी गुलामांना मालकाचं नाव चिकटायचं, तसंच. मी ती मेट्रोत वाचली, हळहळले आणि "छान आहे" म्हणून परत केली. माझ्या माणसांच्या दुःखाला कुणी असं नुसतं "छान" म्हणालं असतं तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

बाईंनी मात्र पियानो उघडला. "माझे वडील त्यातलेच," म्हणाल्या. डाव्या हातानं एकच सूर वाजवत त्या ती एकच हाक गात राहिल्या, ऐकवेना इतका वेळ. मग उजवा हात उठला. आता एकेका पोर्टरचं खरं नाव येऊ लागलं, आडनावासकट, प्रत्येकाला वेगळी चाल. सुट्टीच्या दिवशी वडील आणि त्यांचे सोबती घरी जमून हेच गायचे. शेवटचं नाव वडिलांचं होतं. तिथंही बाईंची बोटं थांबली नाहीत. कादंबरीतून मला अन्याय कळला होता. गाणं ऐकताना मी ढसाढसा रडले.

"माझंही असंच झालंय," मी म्हणाले.

"नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. "वडिलांनी आपलं नाव वापरा म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. तू म्हटलंस तर काय जाईल?"

मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. मग मी माझं माहेरचं नाव सांगितलं. त्यांनी ते जिभेवर नीट बसेपर्यंत म्हणून पाहिलं. आईच्या फोनखेरीज ते कितीतरी वर्षांनी माझ्या कानावर पडत होतं.

सोमवारी मॅनेजरलाही तेच नाव सांगितलं. तो बरेच दिवस अडखळला, पण शिकला. बाई आता नाहीत. त्यांचे आणि त्या गाणाऱ्या माणसांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी सांगणं मात्र जास्त अवघड गेलं.

"अगं, मग लग्नातच का नाही बोललीस?" नवरा म्हणाला.

"तेव्हा विचारलं कुणी?"

काही दिवस तो मला नुसतं "अगं" म्हणूनच भागवत राहिला. मग एका रविवारी स्वयंपाकघरातून, चाचरत, त्यानं माझ्या जुन्या नावानं हाक मारली. मीठ कुठं ठेवलंय म्हणून विचारलं. मी इतक्या मोठ्यानं ओ दिली की तो दचकला. जाऊन पाहिलं तर मीठ त्याच्या हातातच होतं.